त्याला कळेल अशा भाषेत

वेरें, बार्देश

प्रिय बाबू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, हक्कबिक्क शांततेच्या काळात ठीक. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आला की आधी माणूस उचलायचा, कागद मागाहून." मी काहीच बोलले नाही. तुझी फोनची दहा मिनिटं संपत आली होती. पण ते वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. वाळपईचं पोलीस प्रशिक्षण संपवून तू खांद्यावर दोन तारे लावशील आणि मग कुणीतरी तुझ्यापुढे आणून उभा केला जाईल. त्याआधी हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं.

मागच्या खोलीतला खलाशी आठवतो का? मालीमच्या जेटीवर एका ट्रॉलरवर होता, ओडिशाचा. तू आठ वर्षांचा होतास. व्हरांड्यात बसून त्यानं तुला जाळ्याची गाठ मारायला शिकवली. त्याची ती प्लास्टिकची सुई अजून माळ्यावरच्या डब्यात आहे.

डिसेंबर २००८. मुंबईवरच्या हल्ल्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. मारेकरी समुद्रातून आलेले, तेही मच्छीमारांची 'कुबेर' ही बोट पळवून. आपल्या किनाऱ्यावर सगळेच धास्तावलेले होते, मी धरून. रात्री साडेअकराला जीप आली, त्याला झोपेतून उठवलं आणि घेऊन गेले. चपला दारातच राहिल्या. मी विचारलं, कशासाठी? "सुरक्षेचा प्रश्न आहे, बाई." तेवढंच.

सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडा घेऊन मी ठाण्यात गेले. दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. आतल्या दारातून तो दिसत होता. जमिनीवर, गुडघे कवटाळून. त्याला हिंदी जेमतेम येई, कोकणी मुळीच नाही. जे विचारतील त्याला तो 'हां, हां' म्हणत होता. तू हे केलंस का? हां. कुणी सांगितलं? हां. बाबू, ती 'हां' मी विसरू शकत नाही. त्या उत्तरांवरून कुणी कसलाही कागद तयार केला असता.

तिसऱ्या दिवशी सोडला. मांडवीत उभ्या असलेल्या एका जहाजाचा त्यानं मोबाइलवर फोटो काढला होता, गावी आईला दाखवायला. ओळखपत्र बोटीच्या मालकाकडे होतं. मालकाला एक फोन केला असता तर पहिल्याच रात्री उलगडा झाला असता. तीन दिवसांत त्याला कुठल्याही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलं नाही, आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मलाही ते विचारायचं सुचलं नाही. याची खंत मला आजही आहे.

फोटोची चौकशी करायला नको होती असं मी म्हणत नाही. आपल्या वेरेंतच नौदलाचा तळ आहे, दाबोळीला नौदलाचा विमानतळ 'हंसा', वास्कोच्या गोदीत युद्धनौका बांधल्या जातात. जहाजाचा फोटो ही खेळायची गोष्ट नव्हे. मुंबईत तीन दिवस वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या पाहून आतल्यांना सूचना देत होते. २०१२ च्या कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की असलं प्रक्षेपण भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली खपवता येणार नाही. बरोबरच आहे ते. धोका खरा असतो, तुझ्याइतकाच मलाही तो दिसतो.

पण धोका घटना लिहिणाऱ्यांनाही दिसत होता. फाळणीचं रक्त वाळलं नव्हतं, काश्मीरची लढाई नुकती थांबली होती, तेलंगणात बंदुका चालू होत्या. अशा वेळी, सप्टेंबर १९४९ मध्ये, बाबासाहेबांनी मसुद्यात १५-अ हे नवं कलम मांडलं. तेच आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. त्याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची वाटही ठेवली, पण सल्लागार मंडळाच्या संमतीवाचून तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. देशहितासाठी एखादी बाब उघड न करण्याची मुभासुद्धा दिली. म्हणजे 'सुरक्षा' हा शब्द घटनेत आहेच, आणि त्याच्याशेजारी तासही मोजून ठेवले आहेत. शांततेच्या काळापुरतं असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

ते तास काढून टाकले की काय होतं, हे आणीबाणीत दिसलं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं की अटकेतला माणूस दाद मागायला येऊच शकत नाही. एकट्या ह. रा. खन्नांनी विरोधात लिहिलं. पुढं सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं बंदोबस्त केला. आता आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत. त्या चौघांत यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये त्यांच्या मुलानं, धनंजय चंद्रचूडांनी, खासगीपणाच्या खटल्यात तो निकाल गंभीर चुकीचा ठरवला आणि तो मोडीत निघाला. मुलानं वडिलांची चूक दुरुस्त केली याचा मला फार आदर वाटतो. बाकावर बसून मी जे विचारलं नाही, ते तू विचारशील अशी माझी आशा आहे.

आपल्या घराला हे वेगळं का लागतं, ते सांगते. देशाला घटना १९५० मध्ये मिळाली, आपल्या गोव्याला १९६१ च्या डिसेंबरात. मधली जवळजवळ बारा वर्षं तुझ्या आजोबांनी तिच्यावाचून काढली. त्यांच्या लग्नाची पत्रिका माझ्या पेटीत आहे, १९५७ ची. पिवळा पडलेला कागद, वर गणपती, खाली मुहूर्त, मंडळींची नावं, आणि कोपऱ्यात सेन्सॉरचा जांभळा शिक्का. गोव्यात तेव्हा लग्नपत्रिकासुद्धा सरकारला दाखवून मगच वाटायची. आजोबा सांगत, शिक्का मिळेपर्यंत त्यांच्या वडिलांना झोप नव्हती. 'मंगल कार्यास एकत्र जमावे' यातल्या 'एकत्र जमावे'वर कुणी बोट ठेवलं तर काय, याची त्यांना धास्ती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या त्या पोलिसांच्या, पीडेच्या, नावातच 'राज्याचं संरक्षण' हे शब्द होते.

१८ जून १९४६ ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले, ते याच गोष्टीसाठी: माणसाला बोलता आलं पाहिजे, सभा भरवता आली पाहिजे. गोव्याची लढाई तिथून पेटली. त्याच वर्षी त्या लढ्यातले पुढारी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना लष्करी न्यायालयानं आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलं. मोहन रानडे, सावईवेरेंत मराठी शिकवणारे मास्तर, १९५५ मध्ये आपल्या या बेतीतच गोळी लागून पकडले गेले. गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते, सुटले १९६९ मध्ये. लहानपणी तुला आग्वादच्या तुरुंगाच्या भिंतीपाशी नेलं होतं. तेव्हा तिथं कैदी होते, आता वस्तुसंग्रहालय आहे. रजेवर आलास की आत जाऊन ये. मी येईन बरोबर.

आणि एक गोष्ट अगदी तुझ्या कामाची. आपला खलाशी त्या आठवड्यातच खोली सोडून गावी गेला. त्यानंतर वाड्यावरचे बाकीचे खलाशी पोलीस दिसले की वाट बदलायचे. इकडे सरकार सांगत होतं, मच्छीमार हेच किनाऱ्याचे डोळे-कान, अनोळखी बोट दिसली तर कळवा. कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीत उतरलेल्या त्या दहा जणांनाही सर्वांत आधी कोळ्यांनीच पाहिलं होतं. आमच्या वाड्यावर कुणी काही पाहिलं असतं तर तो ठाण्याची पायरी चढला असता का? ज्याच्या सोबत्याच्या चपला दारातच राहिल्या, तो कशाला कळवायला येईल? एका निरपराध्याला तीन दिवस बसवून त्या रात्री एक फोटो हाती लागला, आणि पन्नास माणसांचे डोळे गेले.

कसाबचं तूच काढलंस फोनवर, म्हणून सांगते. त्याला वकील दिला गेला, तिन्ही पायऱ्यांवर खटला चालला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्याला फाशी झाली. त्याच खटल्यात त्याच्याबरोबर उभे केलेले दोन भारतीय तिन्ही न्यायालयांत निर्दोष ठरले. खटलाच चालवला नसता तर त्या दोघांचं काय झालं असतं, याचा विचार कर.

तुमच्या वर्गात शिकवलं असेलच. मे २०२४ मध्ये यूएपीएच्या, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या, प्रकरणातही अटकेची कारणं लेखी द्यायलाच हवीत असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं, आणि कारणं त्या माणसाला कळेल अशा भाषेत हवीत असंही. तो निकाल पेपरात वाचला तेव्हा मला ती 'हां, हां' ऐकू आली. ठाण्यात रुजू झालास की आधी एक काम कर. जेटीवर ओडिया, तेलुगू, कन्नड बोलणारं वाचता-लिहितं कोण आहे ते शोध आणि त्यांचे नंबर वहीत लिहून ठेव. बोटींच्या मालकांचेही. रात्री साडेअकराला ते शोधत बसायला वेळ नसतो.

बाबांची साखर आता ताब्यात आहे. शेजारच्यांबरोबर शनिवारी खारातली तोरं आणि दोन बनियन पाठवते. पत्रिका पाठवत नाही, घडीवर कागद तुटायला आलाय. चवथीला येशील तेव्हा गणपतीवरची माटोळी बांधून झाली की दाखवीन.

तुझी,
आई