आणखी दोन वर्षं

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तीनदा तोंडापर्यंत आलं आणि तीनदा मी पावसाचं विचारलं. म्हणून पत्र. इथल्या दवाखान्यातला माझा तीन वर्षांचा करार मार्चमध्ये संपतोय, पण मी आणखी दोन वर्षांसाठी सही केली आहे. गेल्या सोमवारीच. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर बाबा, तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असता आणि आई, तू रात्री जेवली नसतीस.

अमेरिका म्हटलं तरी कॅन्ससमधल्या या अख्ख्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यात म्हणा, अडीच हजार माणसंसुद्धा नाहीत, त्यातली बरीच बाबांच्या वयाची. मोठं हॉस्पिटल हेज शहरात, तासाभरावर. माझ्या जागी कुणी येईलही, पण या म्हाताऱ्यांना आपली दुखणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागतील. शिवाय पगार चांगला आहे. शिवाय पाच वर्षांचा अनुभव धरतात. (हे शेवटचं कारण आत्ता लिहिता लिहिता सुचलं.)

घर तेच, निकोडेमसच्या जवळचं. बाबा, नकाशात बघून तुम्ही विचारलं होतंत, "हे गाव आहे की बसथांबा?" वस्ती वीसचीसुद्धा नाही. नगरपालिका नाही, महापौर नाही, पोस्टही १९५३ मध्ये बंद झालं. पण १८७७ मध्ये गुलामगिरीतून सुटलेली केंटकीची माणसं या उघड्या माळावर येऊन राहिली ती इथंच. विलियाना हिकमन नावाची बाई पुढच्या वर्षी आली. गाव कुठंय विचारलं, तर लोकांनी जमिनीतून निघणारा धूर दाखवला. घरं म्हणजे जमिनीत खणलेली बिळं. ती रडायलाच लागली. आई, मला तू आठवलीस, लग्नानंतर मागच्या खोलीत, त्या चुलीपुढे. पुढे १८८८ मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली आणि दुकानंही तिकडेच गेली. बाबा, हसू नका, मंगळवेढ्याला तरी कुठं आली अजून! पण दर जुलैच्या अखेरीस देशभर पांगलेले त्यांचे वंशज इथं जमतात. आपल्या जत्रेला मुंबई-पुण्याचे येतात ना, अगदी तसं.

आणि सगळीकडे ज्वारी आहे, बाबा! इथं तिला मायलो म्हणतात. लालसर, जेमतेम कमरेएवढी, आणि बहुतेक सगळी गुरांच्या खाद्याला. यंत्र वरची कणसंच तेवढी कापतं, धाटं शेतात तशीच उभी. कडब्याची ती दशा तुम्हाला बघवणार नाही. शेजारच्या शेतकऱ्याकडून पसाभर आणून मिक्सरवर दळली. भाकरी थापता थापता कडेनं फुटली. तरी खाल्ली, गरम गरम, तुपाशी. तेव्हा माझ्या जेवणाची काळजी नको. हीटर चालू आहे, गाडीला थंडीचे टायर बसवलेत, गादीही नवी घेतली.

परवा कापणी चालली होती तेव्हा हुरड्याचे दिवस आठवले. आगटीतून निघालेलं कणीस तुम्ही तळहातावर चोळायचात आणि दाणे फुंकून माझ्या हातात द्यायचात. चटके तुम्हाला बसायचे. मला वाटायचं, बाबांना भाजतच नाही.

आता ऐका. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, "आठवलं की" नाही. गच्चीवर वाळवण घालायला आईनं चढायचं नाही, सुमनताईला सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणत तीन दिवाळ्या गेल्या. यंदा तारीख घेऊनच मला फोन करा. न्हाणीघरातली दांडी बसवली का? बसवली असेल तर फोटो पाठवा. "बसवतो" हे उत्तर चालणार नाही.

जानेवारीत तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. हे आधीच लिहायला हवं होतं, नाही का?

पत्र वाचून लगेच फोन करू नका, तुमची दुपार म्हणजे इथं मध्यरात्र. आधी दोघं जेवून घ्या.

तुमची,
छकुली