पाळणाघराच्या वह्या रद्दीत कशा द्यायच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला पाळणाघरांवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. मूल शाळेत जाऊ लागलं की वर्षभरात पाळणाघरातल्या रोजच्या नोंदींच्या जुन्या वह्या रद्दीत द्या, घरात पसारा नको, असं लेखिका बिनदिक्कत लिहितात. दुसऱ्याचं लेकरू सांभाळलेली बाई असा सल्ला देणार नाही.

मी रामबागेत राहत्या घरी पाळणाघर चालवते. आमच्याकडचा एक मुलगा तिसरीत गेल्यावर त्याचे वडील एका संध्याकाळी दारात उभे. पोराच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग तुमच्याकडचाच, म्हणाले. आवाज एवढा की समोरच्या गॅलरीत माणसं जमली. मी माळ्यावरून त्या सालची वही काढली. ओल लागून पानं चिकटली होती, पण नोंद वाचता येत होती: ‘सकाळी येतानाच डाव्या मनगटावर फोड. घरी इस्त्रीचा चटका. मलम लावून आणलं.’ खाली त्याच्या आईची सही. गृहस्थ एक शब्द न बोलता जिना उतरले. वही नसती तर माझ्या तोंडच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला असता?

कायद्याचं म्हणाल, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात कलम ६ आणि ८ आहेत. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, असताना झालेल्या इजेबद्दल मूल १८ वर्षांचं झाल्यावरही दावा लावू शकतं, आणि ही सवलत तिथून पुढे जास्तीत जास्त ३ वर्षांची. म्हणून पडणं, भाजणं, दिलेलं औषध, न्यायला कोण आलं, एवढ्या नोंदी मूल २१ वर्षांचं होईपर्यंत जपायलाच हव्यात. डबा किती खाल्ला, दुपारी किती झोपलं, ती पानं खुशाल फाडा. आधारच्या झेरॉक्स तर मूल गेल्यावर ठेवूच नयेत. पण फाडायचं म्हणजे बारीक तुकडे करायचे, किलोवर विकायचं नाही. आपल्या इंदूरात रद्दीतलं पान कधी कुणाच्या पोह्यांखाली येईल नेम नाही, आणि त्यावर कुणाच्या लेकीचं नाव, आईचा मोबाइल नंबर आणि ‘फिट येते’ अशी नोंद असेल.

आणखी एक. त्याच लेखाशेजारी आपण पाळणाघरातल्या मुलांचा फोटो छापलात. चेहरे स्पष्ट, खाली नावं. त्यांच्या आयांना विचारलं होतं का? नसेल, तर निदान ई-पेपरवरून तो आजच काढा.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर