४ जुलै १७७६ ला सगळं संपलं नव्हतं

मा. संपादक,

तुमच्या पेपरात अमेरिकेच्या स्वातंत्र्यावर लेख आला, चांगला होता पण ४ जुलै १७७६ ला जाहीरनामा मंजूर झाला आणि झालं, देश तयार, असं वाटतं तो वाचून. खरी गंमत तर पुढेच आहे.

युद्ध चाललं १७८३ पर्यंत. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली तीही फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवली म्हणून (हाच गडी पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूविरुद्ध मराठे सरदार हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्यासोबत होत्या, हे शाळेत कुणी जोडून सांगतच नाही!).

आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर काय, तर तेरा राज्यांची तेरा तोंडं. काँग्रेसला (म्हणजे तिथल्या केंद्रीय संसदेला) टॅक्स लावायचा अधिकारच नाही, राज्यांपुढे हात पसरायचे, सैनिकांचे पगार थकलेले, मॅसॅच्युसेट्समध्ये तर कर्जाने गांजलेले शेतकरी, त्यातले काही जुने सैनिकच, बंदुका घेऊन कोर्टं बंद पाडायला लागले. तेव्हा कुठे १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यघटना बनवायला ५५ जण बसले, बाहेर बातमी जाऊ नये म्हणून खिडक्यासुद्धा बंद, ऱ्होड आयलंडने तर माणूसच पाठवला नाही आणि शेवटी सह्या केल्या ३९ जणांनी. गुलामगिरी मात्र तशीच ठेवली, वर संसदेत कुठल्या राज्याला किती जागा हे लोकसंख्येवरून मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशोब. लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती राव.

– एक नियमित वाचक, सातारा