आई-बाबा, या मे महिन्यात मी जरा उशिरा येते

चिखलदरा
एप्रिलअखेर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

आधी मुद्द्याचं लिहून टाकते, नाहीतर आई पहिल्या चार ओळी सोडून थेट खालीच वाचेल. शाळेला सुट्टी लागली तरी मी लगेच आर्वीची गाडी धरत नाहीये. मे महिन्यातले बरेचसे दिवस इथेच, खोलीवर राहणार. नवतपा लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधी घरी पोचते. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा त्यापुढचा महिना सगळा तुमचाच. खोलीचं भाडं देऊन झालं आणि सायकलही घेऊन झाली. गियरची आहे, बदली झालेल्या एका सरांची जुनीच घेतली. म्हणून बाबा, ‘पुन्हा एकदा विचार कर’ म्हणू नका.

मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा आणि याचा काही संबंध नाही. थोडा असेल. पण खरं कारण ते नाही गं आई.

इतके दिवस मी खोली ते शाळा आणि शाळा ते खोली एवढंच पाहिलं. पोरं पायभर धूळ घेऊन वर्गात येतात. कुठून आलास विचारलं तर हात नुसता डोंगराकडे करतात. त्यांच्या ढान्यांकडे, म्हणजे डोंगरातल्या वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटा मला माहीत नाहीत, आणि पालकसभेला कोणी आलं नाही की नाराज मात्र मीच होते. त्या वाटा एकदा पायाखाली घालायच्या आहेत. उन्हाळाच का, तर पावसाळ्यात इथे पुरुषभर गवत वाढतं, नाले भरतात, धुकं इतकं की समोरचा माणूस दिसत नाही. आता सागाची पानं गळून गेलीत. या टेकडीवरून त्या टेकडीवरची पायवाट स्पष्ट दिसते. वाळलेल्या पानांवर साधी घोरपड चालली तरी ऐकू येतं. वणवा पसरू नये म्हणून वनखात्यानं जाळरेषा काढल्यात, त्यानं दिशाही कळते.

उन्हाचं म्हणाल, तर चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंच आहे. परतवाड्याला पारा ४५ ला टेकतो तेव्हा इथे पाच-सहा अंशांनी कमी असतो. रात्री तर पंखाही लागत नाही. तुम्ही तिकडे कूलरसमोर घामाघूम आणि मी इथे चादर ओढून झोपणार, याचंच खरं तर मला वाईट वाटतं.

आता वाघाचं. आई, तू देवापुढे दिवा लावायच्या आधी हे वाच. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी किंवा सायकलनं जाऊच देत नाहीत. कोलकास, सेमाडोह बघायचं झालं तर एसटीनं. सायकल फक्त डांबरी रस्त्यावर: आमझरी, मोथा, तिथून गवळ्यांच्या वाड्यांपर्यंत. मोथ्याचा खवा येताना आणते, बाबांना एकच वडी मिळेल. पायवाटेला शाळेतल्या एका मुलीची आजी सोबत येते. भीती वाघापेक्षा अस्वलाची जास्त, हे तिनंच सांगितलं. मोहाची फुलं संपली तरी ते टेंभरांसाठी आणि वारुळांसाठी फिरतं. म्हणून पुरतं उजाडल्याशिवाय आम्ही डांबर सोडत नाही आणि मोठ्यानं बोलत चालतो. आजी कोरकूत बोलते, मी मराठीत, आणि आमचं छान जमतं.

बाबा, गाविलगडाला तुमच्यासाठी जाणार आहे. जेवताना तुम्ही सांगायचात ना, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या वेलस्लीनं किल्ला घेतला, त्याआधी स्टीव्हन्सनच्या तुकडीनं जड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या अंगाला आणल्या. वरण गार व्हायचं आणि आई ओरडायची. त्या उत्तरेच्या बाजूला उभी राहून बघते, तोफ आणायला वाट कशी केली असेल. मला स्वतःची सायकल चढावर ढकलताना दम लागतो. परतवाड्याचा घाट मात्र मी सायकलनं चढणार नाही. सायकल भाजीच्या गाडीत टाकूनच वर आणली.

सकाळी फटफटताना निघते, साडेनऊ-दहाला परत. मग संध्याकाळी पाचनंतर थोडं, अंधाराच्या आत घरी. अंगभर बाह्यांचा सदरा, डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा. हो, कांदा अजून ठेवते. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, एकीत लिंबू-मीठ-साखर. दुपारी आंबील. ज्वारीचं पीठ घरचंच आहे, तू दिलेलं. गॅस आहे, माठ आहे, शेजारच्या ताई रोज संध्याकाळी दार वाजवून बघतात. भीमकुंडाची धार या दिवसांत आटलेली असते, त्यामुळे तिथे वाकून बघायचा मोहही होणार नाही. मामाला ऊन लागलं त्या वेळचं मी विसरलेली नाही. डोकं जड झालं की तिथेच सावलीत बसायचं, पुढे जायचंच नाही, हे ठरलेलं आहे.

आणि हे वेड कुठून आलं ते मला विचारू नका. बाबांच्या सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून मला बसवून पांदणीनं वावरात कोण न्यायचं? बाभळीचा काटा लागला की घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधायचं काम माझं. नदीच्या रेतीत झिरा काढून ओंजळीनं पाणी पाजायचात. मी झोपेत कलंडू नये म्हणून तुम्ही एका हातानं मला धरायचात, एका हातानं सायकल. आईला ते आजवर माहीत नव्हतं, आता झालं.

बरं, आता तुमचं. बाबा, अकरा ते चार वावरात जायचं नाही. नांगरटीला दादा बघेल, धुऱ्यावर उभं राहून तुम्ही माती मऊ करू शकत नाही. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतं’ म्हणून बंद करायची नाही. आणि माझ्यासारखं मीठ-पाणी तुम्ही पिऊ नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. साधं पाणी, पन्हं कमी साखरेचं. कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासून घ्या, डास होतात. आई, कुरड्या आणि सरगुंडे भर दुपारी गच्चीवर राखत बसू नकोस. कावळ्यांनी चार नेल्या तर नेऊ दे. गुडघ्याचं तेल कपाटात तसंच पडलंय असं दादा म्हणाला. माझ्या माघारी मी नाही म्हणून दुपारचं जेवण दोघांनी उभ्या-उभ्या उरकायचं नाही.

वाटेवर बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. म्हणून सकाळी निघताना एक आणि परतल्यावर एक, असे दोन मेसेज दादाला करेन. दहाचे साडेदहा झाले तर काळजी करू नका, बारा वाजले तर शेजारच्या ताईंना फोन करा, नंबर दादाकडे आहे. पाहुण्यांना जूनमध्ये बोलवा. मी असेन, साडीही नेसेन. त्यांनी विचारलं तर खरं तेच सांगा, मुलगी डोंगरात सायकल चालवते म्हणून. त्यावर ते काय म्हणतात तेही मला कळवा.

आणि बाबा, तुमचा पंप कोणाबरोबर पाठवू नका. या सायकलचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा आहे, तो बसत नाही. सोल्युशनची ट्यूब आणि कानस पाठवा, तुमची ती जुनीच, इथली कानस ट्यूब फाडते.

तुमची,
छोटी