पाणीपट्टीवाढ : रविवारी बिलं घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार,

पाणीपट्टीवाढीचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे आला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे पुढच्या वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. ठराव झाल्यावर ओरडून उपयोग नाही, जे बोलायचं ते आत्ताच.

बैठक : येत्या रविवारी सकाळी १० वाजता, गच्चीवर. प्रत्येक घरातून एक जण तरी हवाच.

• गेल्या २ वर्षांची पाणीबिलं आणि मीटरचा फोटो आणा. बी विंगच्या मीटरची काच इतकी धुरकटलीय की आकडा दिसत नाही. बिल मात्र दर वेळी ‘सरासरी’ म्हणून येतं. असे मीटर आणखी किती, ते कळायला हवं.

• हरकतीच्या अर्जावर सही करताना फ्लॅट नंबर लिहा. अर्ज २ प्रतींत देऊ, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेऊनच परतायचं.

• माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाकतोय (शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस). गळती किती आणि मोठी थकबाकी कोणाकडे, हे विचारलंय.

वाढ नकोच, असं आपलं म्हणणं नाही. पंपाची वीज, शुद्धीकरण यांना पैसा लागतोच. पण आधी हिशेब दाखवा, मग दर मागा.

नगरसेवकांना भेटायला कोण जाणार, तेही रविवारी ठरवू.

– सचिव