थर्मासातली ऊजी

सिस्टर,

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझी स्वाहिली 'असांते साना'च्या, म्हणजे 'खूप आभार'च्या, फार पुढे जात नाही. वॉर्डातून निघताना तेवढंच म्हणाले आणि रडू फुटलं, तेव्हा उलट तुम्हीच माझी पाठ थोपटत होतात. मनातलं सगळं तसंच राहून गेलं. म्हणून हे पत्र माझ्या भाषेत लिहितेय. इथल्या, टांझानियातल्या दार-ए-सलाममधल्या, मराठी घरांनी ते वाचावं अशी इच्छा आहे. तुम्हाला तर मी समोर बसून सांगणारच आहे.

ह्यांचं पोट गुरुवारपासून दुखत होतं. आम्ही आमच्या नेहमीच्या खासगी दवाखान्यात गेलो. चकचकीत फरशी, एसी, डॉक्टर आपल्याकडचे, हिंदीत बोलणारे. दोनदा गेलो, दोन्ही वेळा ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. टेबलाच्या पलीकडून उठून पोटाला कुणी हात लावला नाही. शनिवारी रात्री ताप चढला, पोट लाकडासारखं कडक झालं. मी फोन केला तर त्याच डॉक्टरांनी सांगितलं, "इथे काही खरं नाही, मुंबईला घेऊन जा." ज्यांना खुर्चीतून उठायला दोन दिवस जमलं नाही, त्यांनी मला समुद्र ओलांडायचा सल्ला एका वाक्यात देऊन टाकला! हा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो सल्ला पटला होता. इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बजावतं की पाणी उकळून प्या आणि मोठं दुखणं आलं की तिकीट काढा. इथली स्थानिक माणसंसुद्धा हृदयासाठी, किडनीसाठी वर्षानुवर्षं भारतात जात आली आहेत, मग आपण कशाला थांबायचं? घरच्या ग्रुपवर तेच चाललं होतं. "तिथल्या सरकारी हॉस्पिटलात? भलतं धाडस करू नकोस." मी एका हाताने ह्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि दुसऱ्या हाताने अदिस अबाबावरून जाणारं सकाळचं विमान शोधत होते.

तिकिटावर बोट ठेवायच्या आत हे वेदनेने ओरडले. मी खाली धावले, कोपऱ्यावर उभी असलेली बजाजी बोलावली. (आपल्या पुण्याच्या कंपनीचं नाव इथे रिक्षेलाच पडलंय.) त्या पोराने काही न विचारता ती सरळ तुमच्या दारात आणून उभी केली. स्ट्रेचर आत जाईपर्यंत तो हलला नाही, आणि पैसे घ्यायलाही थांबला नाही.

तुमच्या तरुण डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत पोट तपासलं. अपेंडिक्स फुटलं असणार, म्हणाले. मी विमानाचं विचारलं, तर चिडले नाहीत. केसपेपरच्या मागे एक फुगा काढला आणि त्याच्या बाजूला तोच फुगा मोठा करून काढला. वर गेल्यावर विमानातला हवेचा दाब एखाद्या उंच डोंगरावर असावा इतका कमी होतो, पोटात सुटलेली हवा फुगते, आणि फुटलेल्या जागेतली घाण तोवर पसरत राहते. "मॅडम, तुम्ही मुंबईला पोचाल. हे पोचतील का, ते मी सांगू शकत नाही." मी सही केली. पुढचं ऑपरेशन, नळ्या, इंजेक्शनं, ते सगळं कागदांवर आहेच.

मला लिहायचंय ते त्या पहाटेबद्दल.

तीन वाजले असतील. ह्यांना वॉर्डात आणलं होतं, शुद्ध अर्धवट होती. तुम्ही त्यांच्या कानाशी वाकून "काका, काका" म्हणत होतात. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, हे मला ठाऊक होतं, तरी त्या अंधारात आपल्या वाड्यातलं कुणीतरी हाक मारतंय असं वाटून मला भरून आलं. इथे पेशंटचं खाणंपिणं नातेवाईक घरून आणतात. बाजूच्या प्रत्येक खाटेशी कुणाची तरी आई, मावशी, डबे, चटया. आमचं कुणी नव्हतं. ह्यांना तर काही द्यायचंच नव्हतं, आणि माझ्या पोटात शुक्रवार रात्रीपासून काही नाही हे माझ्याही लक्षात नव्हतं.

तुमच्या लक्षात आलं. तुम्ही टेबलाखालून तुमचा निळा थर्मास काढलात, झाकणाच्या कपात काहीतरी ओतलंत आणि माझ्या हातात दिलंत. "पोले, दादा." दादा म्हणजे ताई. आणि पोले म्हणजे तुझं दुःख मला कळतंय. मराठीत याला एक शब्द मला अजून सापडलेला नाही.

तपकिरी, दाटसर, वाफाळतं. एक घोट घेतला आणि मी थबकले. ही नाचणीची पेज होती. थोडी साखर, वर लिंबू पिळलेलं, आमच्याकडे ताक आणि मीठ घालतात एवढाच फरक. आमची आजी लावणीच्या दिवसांत पहाटे हीच पेज करायची, संगमेश्वरजवळच्या घरात, चुलीवर. तुम्ही तिला 'ऊजी' म्हणता. नाचणी मुळात आफ्रिकेतलीच, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मी परक्या ठिकाणी बसलेली नाही. मी दोन कप प्याले. सकाळी सात वाजता तुम्ही कोरडा पाव चहात बुडवून खाताना दिसलात, तेव्हा लक्षात आलं की रात्रपाळीचं तुमचं जेवण मी संपवलं होतं. त्याबद्दल तुम्ही एक शब्दही काढला नाहीत.

मुंबईला कुणी जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. कर्करोगाचे लांबलचक उपचार असतील, आईबाप जवळ हवे असतील, तर जरूर जावं. पण याच शहरात 2015 पासून हृदयाची मोठी संस्था उभी आहे, 2017 साली इथल्या मुहिंबिली सरकारी हॉस्पिटलात या देशातलं पहिलं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं, तेही भारतातल्या डॉक्टरांच्या मदतीने. हे आमच्या मंडळात कुणी बोलत नाही. आम्ही फक्त विमानांच्या वेळा एकमेकांना सांगतो. अडीनडीला आधी दारातल्या माणसाकडे जावं, त्याने हात लावून तपासलं तर त्याचं ऐकावं. आपली भाषा बोलणारा तो आपला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ज्यांनी आम्हाला जपलं त्यांची भाषा मला येत नव्हती.

हे आता जिना चढतात, कालपासून ऑफिसलाही जायला लागलेत.

तुमचा थर्मास माझ्याकडेच राहिलाय. निघायच्या गडबडीत सामानात आला. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून किसुतूच्या बाजारातून नाचणीचं पीठ आणलंय. आजीसारखी ताक घालून पेज करते, तुम्हाला आवडते का बघा. रविवारी आणते. तुमची ड्यूटी सकाळची आहे की रात्रीची, तेवढं कळवा.

तुमची,
खाट नंबर चौदाची 'दादा'