बुटक्यांच्या पायाखालचा दगड

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

फोटो पाहिले. टेबलावरच्या खेळातल्या तुझ्या मिनी, म्हणजे ते इंचभर उंचीचे बुटके सैनिक, झकास रंगवलेस रे, दाढ्या तर फारच छान. पण सगळे काळ्या प्लास्टिकच्या गुळगुळीत चकत्यांवर उभे आहेत. शेरवानी चढवून पायात स्लिपर घातल्यासारखं दिसतंय. दगडी बेस, म्हणजे मिनीच्या पायाखालची बैठक, विकत आणू की घरी करू, असं विचारलं आहेस. माझं मत: फरसबंदीचे विकत घे, खडकाचे घरीच कर. आणि करशील तो खडक तुझ्या डोळ्यांना रोज दिसणारा असू दे.

आधी माप डोक्यात बसव. 28 मिमी उंचीची मिनी म्हणजे ढोबळ 1:60. बेसवरचा एक मिलिमीटर खऱ्या जगात सहा सेंटिमीटर. बांधकामाची वाळू तशीच ओतलीस तर प्रत्येक दाणा त्या बिचाऱ्याला मुठीएवढा धोंडा होतो. म्हणून चहाच्या गाळणीतून गाळ. खाली पडेल ती माती, गाळणीत राहतील त्यातले तीन-चार दाणे दगड म्हणून पुरे. (घरात विचारून गाळणी घे.)

मला इथे किल्ला कायम समोर. विंध्य वालुकाश्म, पिवळट, मधूनच गुलाबी झाक असलेला, आणि सगळा आडव्या थरांचा. कडा पायऱ्यापायऱ्यांनी सुटतो. त्याला कॉर्कचं शीट उत्तम, दोन-तीन मिमीचं. कात्री लावू नकोस, हातानेच फाड; फाटलेली कड आपोआप खडकाची होते. तुकडे एकावर एक लावताना थर एकाच दिशेला ठेव. एक इकडे कललेला, दुसरा तिकडे, असं झालं की खडक न दिसता मलबा दिसतो. पंचवीस मिमी रुंदीच्या बेसवर दोन थरांपुढे जाऊ नकोस, मिनी उलटते. वरून पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात द्यायचा, म्हणजे कॉर्कचे कण सुटत नाहीत.

रंग असा: तपकिरी प्रायमरवर (रंगाआधीचं अस्तर) येलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, मग गडद तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, सुकल्यावर हस्तिदंती रंगाचा ड्रायब्रश. ब्रश जवळजवळ कोरडा हवा, फक्त कडांना लागेल इतकाच. एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात. तू किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याच्या रस्त्याने वर जाताना पाहिलेला कडा आठव: पावसाचं पाणी जिथून उतरतं तिथे काळे ओघळ पडलेत. बारीक ब्रशने वरून खाली एक-दोन ओघळ सोड, खडक एकदम जुना होतो. त्याच रस्त्यावरची आदिनाथांची उभी मूर्ती सत्तावन्न फुटांच्या आसपास आहे. आपल्या मापात जेमतेम फूटभर, आणि तिच्या पायाशी इंचभर माणूस! भव्यपणा असा मापातून येतो. विकतच्या बेसवर कवट्या, साखळ्या, मोडक्या तलवारी इतक्या कोंबलेल्या असतात की नजर मिनीवर ठरतच नाही.

एक माझी लाडकी गोष्ट. किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या भिंतीवरच्या निळ्या फरशा आठवतात ना? राजा मानसिंह तोमरांच्या वेळच्या, म्हणजे 1486 ते 1516 या काळातल्या. अंड्याचं कवच धुऊन, आतली पातळ त्वचा काढून निळं रंगव आणि ओल्या फेविकॉलवर बोटाने दाबून फोड. फुटक्या निळ्या फरश्यांचा सडा तयार. दर पाच-सहा बुटक्यांमागे एकाच्याच पायाशी ठेव.

तू मात्र पुण्यात बसून माझा पिवळा दगड करू नकोस. तुझ्याकडे बसाल्ट आहे, काळा, बुडबुड्यांच्या भोकांचा. त्याला कॉर्क नको, एक्सपीएस फोम घे, म्हणजे मणी नसलेला घट्ट फोम. अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबून फिरव, टूथपिकने भोकं पाड, एखाद्या भोकात पांढरा ठिपका दे. तुमच्याकडच्या दगडात झिओलाइट, म्हणजे पोकळ्यांत वाढणारं पांढरं खनिज, असतंच. पावसाळी शेवाळाचा हिरवा हातही चालेल. मखराचा थर्माकोल वापरू नकोस, त्याचे मणी दिसतात. आणि दोन्ही फोमना फेविक्विक किंवा स्प्रेचा रंग थेट लागला तर ते विरघळतात. आधी फेविकॉल आणि काळ्या अॅक्रिलिकचा थर, प्रायमर नंतर.

विकतचे रेझिनचे (साच्यात ओतलेल्या कडक प्लास्टिकसारखे) बेस आणलेस तर साबणाच्या पाण्याने घास, साच्याचं तेल राहिलं तर रंग सुटतो. सँडपेपरचं घासकाम ओलं करून, मास्क लावून. ती पूड छातीत जायला नको. फरसबंदीसाठी नक्षीचा रोलर मिळतो, तो एमसीलवर फिरवायचा. रोलरला आधी पाणी लाव, नाहीतर चिकटतो. फौज मोठी असेल तर रोलर परवडतो, पाच मिनींसाठी तयार बेसच बरे.

बेसची कड शेवटी काळीच रंगव. हिरव्या कडेचा हट्ट धरणारे आहेत, मला ती अजिबात आवडत नाही.

आता चकत्या मोजून कळव, 25 मिमीच्या किती, 32 मिमीच्या किती. बाड्यावर, इथल्या बाजारात, जाणार आहे, तुझ्यासाठीही कॉर्क घेऊन ठेवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या